रागानं केलेली प्रार्थना

पाळकसाहेबांनी मला माझी साक्ष लिहायला सांगितली आहे. "बाई, तुम्ही बऱ्या झालात. प्रभूनं तुमचं मन कसं शांत केलं ते लिहा, मंडळीला धीर येईल." मी हो म्हटलं, पण तिथल्या तिथं सांगितलं, की माझं मन शांत झालेलं नाही. ते हसले. मी नम्रपणानं बोलते आहे असं त्यांना वाटलं.

तर आधीच सांगून टाकते. मला महारोग झाला होता. तो गोळ्यांनी बरा झाला. त्या काळात मी प्रभूच्या जवळ गेले हे खरं आहे, पण गात गात गेले नाही, भांडत गेले. ज्याच्या अंगावर नुकताच डाग दिसला आहे आणि ज्याला घरची माणसं "सहन कर, देवाची इच्छा" म्हणत आहेत, त्याच्यासाठी मी हे लिहिते. बाकीच्यांना राग आला तर येवो.

करंगळी

मी जुन्नरला ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत लहान मुलांना शिकवत असे आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवत असे. माझा नवरा शमुवेल आळेफाट्याला लॉऱ्यांच्या गॅरेजात मिस्त्री होता. घरात सासूबाई आणि आमची चार वर्षांची छाया. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दिवस बरे चालले होते.

पावसाळा सरता सरता उपासनेत माझा सूर चुकू लागला. उजव्या हाताची करंगळी मागं राही. बाकीची बोटं पट्टीवर जाऊन पोचत, ती अर्ध्या वाटेत वाकून थांबे. मला वाटलं, थंडीनं आखडली असेल. त्याच हाताला कोपराखाली एक फिकट डाग होता. सासूबाईंनी तो पाहून खोबरेल चोळलं. "उन्हाचा आसंल," म्हणाल्या.

शेवटी मी जुन्नरच्या एका डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी तो लांबूनच पाहिला. हात लावला नाही, तरी नंतर साबण लावून आपले हात धुतले. "नारायणगावला गुरुवारी एक मोठे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा," एवढंच बोलले. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

नारायणगावच्या बाहेर ओढ्याकाठी एका चिंचेखाली तो दवाखाना भरे. एक टेबल, एक लांब लाकडी बाक, आणि मागं पत्र्याची शेड, तिच्यात खाटा. शमुवेल माझ्याबरोबर आला होता. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हणाले, "मी कापसाच्या बोळ्यानं तुमच्या हाताला स्पर्श करीन. जिथं कळेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

मी बोट तयार ठेवून बसले. ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं. कुणाच्या तरी बैलाची घुंगरं वाजत होती. मी वाट पाहत राहिले. डॉक्टर कापूस शोधत असतील, नाहीतर दुसऱ्या कुणाशी बोलत असतील, असं मला वाटलं.

"डॉक्टरसाहेब, करा ना सुरू," मी म्हटलं.

"झालं, बाई," ते म्हणाले.

रुमाल सुटल्यावर मी डॉक्टरांकडं पाहिलंच नाही. शमुवेलकडं पाहिलं. कापूस माझ्या हातावरून फिरत होता आणि मी शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसले होते, हे सगळं त्यानं पाहिलं होतं. आता तो स्वतःच्या तेलानं काळ्या झालेल्या नखांकडं बघत होता.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "घाबरू नका. पूर्वीचे दिवस गेले. आता गोळ्या निघाल्या आहेत. दोन-तीन वर्षं नेमानं घ्या, बऱ्या व्हाल. आणि हे नीट ऐका. तुमचा प्रकार लागट नाही. पोरीला जवळ घ्या, स्वयंपाक करा, शाळेत जा." त्यांनी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर काहीतरी घेतलं, तपासलं, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच सांगितलं. जंतू नाहीत. लागट नाही.

हे मी घरात सांगितलं, शाळेत सांगितलं, मंडळीत सांगितलं. सगळ्यांनी फक्त रोगाचं नाव ऐकलं. त्याच्या पुढचं ऐकायला कुणाचे कान उरलेच नाहीत.

घर

"छायेला मालनकडं धाडू, आळ्याला," सासूबाई म्हणाल्या. मालन म्हणजे माझी थोरली नणंद.

"डॉक्टर म्हणाले, लागट नाही."

"डाक्टरचं काय जातंय? त्याची नात हाय का या घरात?"

मी शमुवेलकडं वळले. "तू तिथं होतास. तू ऐकलंस. सांग ना आईंना."

तो चुलीजवळ बसला होता. लाकूड आत सारत म्हणाला, "थोडं दिस जाऊ दे."

एवढंच. मी त्याला आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली. त्यानं ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मोटारीत बसला. छायाला वाटलं, आत्याकडं पेरू खायला चाललोय. तिनं माझ्याकडं हात पसरले, तर सासूबाईंनी तिला मधल्या मधे उचललं. मोटार सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती आणि मी रस्त्यात उभी राहून भांडत होते. कुणाशी, ते आता आठवत नाही. बघायला माणसं मात्र जमली होती.

माझं ताट-तांब्या वेगळ्या फळीवर गेलं. शाळेच्या कारभाऱ्यांनी मला बोलावून, मुलांच्या आया कुरकुर करतात, काही महिने रजा घ्या, असं सांगितलं. मग मंडळीतली माणसं प्रार्थना करायला येऊ लागली. उंबऱ्याच्या आत कुणी येत नसे. चहा केला तर कुणी घेत नसे. मंडळीच्या पंचांपैकी एक वडीलधारे गृहस्थ अंगणात उभे राहून म्हणाले, "शांताबाई, मनात काही गुप्त पाप असंल तर प्रभूपुढं कबूल करून टाका. तो क्षमा करील."

मी म्हटलं, "तुमचे गुडघे कधीपासून दुखतात, वडील?"

"झाली की धा वर्सं."

"मग त्याचं पाप आधी तुम्ही कबूल करा. मी तुमच्या मागं नंबर लावते."

ते गेले ते पुन्हा आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आजारी माणसाच्या दारात जाऊन त्याचं पाप शोधणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, असंच मी तुम्हाला सांगेन.

वेगळा पेला

माझ्या आजोबांची गोष्ट इथं सांगायला हवी. ते आंबेगावकडच्या एका गावचे. गावात त्यांना विहिरीला हात लावायची बंदी होती. पाटलाच्या वाड्यापुढं ओंजळ धरून उभं राहायचं आणि वरून कुणीतरी पाण्याची धार सोडायची, ती प्यायची. एकदा जुन्नरच्या बाजारला आले असताना ते प्रार्थनेच्या घराच्या दारात थांबले. आत एकच पेला या हातातून त्या हातात चालला होता. सगळे त्याच पेल्याला तोंड लावत होते. आजोबा म्हणत, "उपदेश मला एक अक्षर कळला न्हाई. पेला तेवढा कळला." त्या पेल्यासाठी त्यांनी गाव सोडलं, भाऊबंद सोडले, बाप्तिस्मा घेतला.

माझं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे त्या एका पेल्याच्या विधीला, मी मागच्या बाकावर बसले होते. पेटी आता दुसरं कुणी वाजवत होतं. पेला पुढच्या बाकावरून निघाला. तो माझ्यापर्यंत यायच्या आधीच पाळकसाहेब बाजूनं चालत आले. त्यांच्या हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक लहानसा पेला होता. ते वाकून अगदी हळू, मायेनं म्हणाले, "बाई, तुमची वेगळी सोय केलीय. पंचांनी ठरवलं."

"हा कुणाचा पेला आहे?" मी विचारलं.

"प्रभूचाच."

"प्रभूचा तो तिकडं फिरतोय. हा तुमचा आहे."

मी तो बाकावर ठेवला आणि उठून बाहेर आले. गाणं थांबलं नाही. शमुवेल बाप्यांच्या बाजूला बसला होता, तो उठला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "चारचौघांत मान खाली घालायला लावलीस."

"वर होती कधी तुझी मान?" मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली. देव नाही असं मला एकदाही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सुटले असते. तो आहे आणि गप्प बसलाय, असं वाटे. माझ्या नवऱ्यासारखा.

पाटलीण

दर गुरुवारी मी नारायणगावला जाई. चिंचेखालच्या बाकावर आम्ही रोगी ओळीनं बसत असू. एके दिवशी तिथं साठीची एक बाई येऊन बसली. नाकात मोठी नथ, कपाळावर आडवं कुंकू, नऊवारीवर भरजरी काठ. पायाला फडकं गुंडाळलेलं, हातांची बोटं आत वळलेली. महाळुंगे पडवळची सोनाबाई पाटलीण. लेकांनी तिला शेतात खोपटं बांधून दिलं होतं. गडी बैलगाडीतून आणून सोडी आणि गाडी घेऊन लांब थांबे.

"कुन्या गावची तू?" तिनं विचारलं.

"जुन्नरची. शाळेत शिकवते. शिकवत होते."

"कुनाची?"

"ख्रिस्ती आहोत आम्ही."

"त्ये झालं. आदी कोन?"

मी सांगितलं. तशी ती फडकं बांधलेला पाय उचलून, बाकावर हात टेकत टेकत, पार दुसऱ्या टोकाला सरकली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पाटलीणबाई," मी मोठ्यानं म्हटलं, "तुम्हाला लेकांनी घराबाहेर काढलं. मला घरातच वेगळं काढलं. आपण दोघी एकाच बाकावर आहोत. कायद्यानं शिवाशिव गेली. आता कुठं सरकता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या भुवया झडल्या होत्या, त्यामुळं तिचा राग उघडावाघडा दिसे. "बोटं गेली," ती म्हणाली, "घर गेलं. नातवंडं गेली. येवढी जात ऱ्हायलीय अंगावर. ती बी सोडू व्हय तुज्यासाठी?"

मला तिचा आणखीच राग आला.

शेड

उन्हाळ्याच्या तोंडी माझ्या कोपरातली शीर सुजली. कळ अशी, की जीव नको झाला. ताप चढला. डॉक्टरांनी मला मागच्या शेडमध्ये ठेवून घेतलं आणि उजवा हात लाकडी फळीला बांधून टाकला. शमुवेलनं वळकटी आणून दिली आणि तो मोटारीच्या वेळेला निघून गेला. पुढं तो दर आठवड्याला येई, खाटेजवळ बसे, आणि बोलत नसे.

शेजारच्या खाटेवर कोण, तर सोनाबाई. चुलीवरचं भांडं उचलताना तिचे दोन्ही हात पोळले होते. तिला ते कातडी सुटल्यावर कळलं.

तिथला दिवस असा. सकाळी घंटा होई. सगळ्यांनी हातपाय कोमट पाण्यात बुडवून बसायचं, मग तेल लावायचं, मग एकेक बोट दुसऱ्या हातानं सरळ करायचं. जिथं भाजलं, कापलं, तिथं आपल्याला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी रोज तपासायचं. सिस्टरबाई गोळ्या देत आणि बायबलातला एक उतारा वाचत. भाकरी, कालवण, दुपारची झोप. जुने रोगी सांगत, पूर्वी कडू तेलाची इंजेक्शनं देत, माणूस बसू शकत नसे. गोळ्या म्हणजे चैन.

एक लहानशी गोष्ट सांगते. सिस्टरबाई गोळी हातावर ठेवताना आपली बोटं माझ्या तळहाताला लागू देत. त्या भागात मला अजून स्पर्श कळत होता. कित्येक महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी गोळी तोंडात टाकायचीच विसरले.

सोनाबाई सकाळी उठली की खंडोबाशी भांडे. पत्र्याकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "काय रं मल्हारी, उठलास का? का झोपलाईस अजून? माजं हात बघ. बघ की! तुजा भंडारा उदळला याच हातांनी. लाज वाटती का काय?"

मी पंधरवडाभर हे ऐकलं. शेवटी राहवेना. "पाटलीणबाई, देवाला असं बोलतात का?"

"मंग कुनाला बोलू? तुला?" ती म्हणाली. "माजा हाय म्हून बोलते. परक्याला कोन बोलतंय?"

आमच्यात असं नाही, असं मी म्हणणार होते. आमच्यात नम्रपणे मागतात, आभार मानतात, आमेन म्हणतात. मी म्हटलं नाही, कारण मी तर तेही करत नव्हते.

पाणी

शेडमधली आया एक दिवस भावाच्या लग्नाला गेली. ऊन रणरणत होतं, पत्रा तापला होता. सिस्टरबाई मला म्हणाल्या, "शांताबाई, तुमचा डावा हात चालतो. सोनाबाईंना पाणी पाजाल?"

मी तांब्या-फुलपात्र घेऊन गेले. सोनाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "नगं."

दुपार टळत आली. तिचे ओठ सुकून त्यांची सालं निघाली होती. मी पुन्हा गेले. तिनं माझ्याकडं न बघता मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि म्हणाली, "वरनं वत."

वरून ओत. माझ्या आजोबांच्या ओंजळीत जशी धार सोडत, तशी धार ही माझ्याकडून मागत होती. आणि तीही मी हलकी म्हणून, ती उंच म्हणून.

"मरा मग," मी म्हटलं. तांब्या तिच्या खाटेजवळ आपटला आणि बाहेर आले.

शेडच्या मागं धुण्याचा दगड होता. तिथं कुणी नव्हतं. मी तिथं उभी राहिले आणि माझं तोंड सुटलं. मी प्रभूला अरेतुरे करत आले होते ते गाण्यात. त्या दिवशी भांडणात केलं.

"कुठं आहेस तू? मी लहानपणापासून तुझ्यासाठी पेटी वाजवली. तू महारोग्याला हात लावलास म्हणून आम्ही दर वर्षी उपदेश ऐकतो. मला कुठं लावलास? माझी पोर उचलून नेली, तू बघत होतास. तुझ्या घरात मला जर्मनचा पेला दिला, तू बघत होतास. एक शब्द बोलला नाहीस! आणि आता या म्हातारीला मी पाणी पाजू? तिला? तू पाज! तुझे हात कुठं गेले?"

आणखीही बरंच बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. घसा बसला, तशी दगडावर बसले.

आकाशवाणी झाली नाही. चिंचेवर कावळा ओरडत होता, तोही थांबला नाही. पण मला जे कळलं ते सांगते. इतके महिने मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता माझं प्रत्येक वाक्य 'तू' म्हणून सुरू होत होतं. नातं तुटलेल्या माणसाशी कुणी असं बोलत नाही. दुसरं असं, की तो पेला पाहून मला जो राग आला, तो माझ्याआधी त्याला आला असला पाहिजे. मी ज्याच्यावर ओरडत होते, तो माझ्याच बाजूला उभा राहून माझ्यापेक्षा जास्त चिडला असेल, हे माझ्या मनात आधी का आलं नाही? कारण आम्ही त्याला चित्रातल्यासारखा गोड करून ठेवला होता. माझ्या सगळ्या ख्रिस्ती आयुष्यात मी त्याला तोपर्यंत खरा मानलाच नव्हता, मी फक्त त्याची गाणी बिनचूक वाजवली होती.

मी आत आले. सोनाबाईनं पट्ट्या बांधलेल्या हातांनी तांब्या उचलायचा प्रयत्न केला होता. तो उपडा झाला होता. पट्ट्या भिजल्या होत्या आणि ती ओल्या लुगड्यात बसून पाण्याच्या ओघळाकडं बघत होती.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. बरी खोड मोडली, असं वाटलं. आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटली. मी मागच्या बाकावरून उठून निघाले तेव्हा काही चेहऱ्यांवर हेच पाहिलं होतं. मला प्रभूच्या रागातला राग मिळाला होता म्हणावं, तर त्याच्या शेजारी हा दुसराही येऊन बसला होता. पहिल्याला सगळे एका पंगतीला हवे होते. दुसऱ्याला फक्त पाटलीण खाली आणि मी वर, एवढंच हवं होतं.

मी तांब्या भरून आणला. तिच्या खाटेवर, तिच्या अंगाला अंग लावून बसले.

"वरून ओतणार नाही," मी म्हटलं. "फुलपात्र तोंडाला लावीन. प्यायचं तर असं प्यायचं."

"बाटवतीस व्हय मला?"

"हो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मला आणि माझ्या सात पिढ्यांना एक कचकचीत शिवी दिली, आणि प्यायली. फुलपात्र रिकामं झालं. मी दुसरं भरलं, तेही प्यायली.

"गार हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाव शांता, आन जीभ चाबकावानी."

त्या संध्याकाळी माझी भाकरी मला डाव्या हातानं मोडता येईना, तेव्हा ती पट्टीच्या हातांनी ताट माझ्याकडं सरकवत म्हणाली, "दाबून धरते, मोड." आम्ही एकाच ताटात जेवलो. मैत्रिणी झालो असं नाही म्हणणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडलो. पण तिनं मल्हारीशी भांडण मांडलं, की शेजारच्या खाटेवर मीही माझं मांडत असे, मनातल्या मनात. ती माझी सकाळची प्रार्थना होती. कित्येकदा ओरडून झाल्यावर खाली आभाराचं एखादं वाक्य सापडे. ते मी मुद्दाम शोधत नसे.

आळे

हाताची सूज उतरल्यावर मी घरी आले. गोळ्या चालूच होत्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं आणि म्हणाले, "रोग थांबला. करंगळी वाकडीच राहील. पोरीला आणलंत का?"

मी त्याच दिवशी आळ्याला गेले. एकटी. मालनवन्सं दारातच म्हणाल्या, "पोर रमलीय गं हितं. कशाला उगी?" मी त्यांना बाजूला सारून आत गेले. छाया कणगीच्या आड उभी होती. ती सहा वर्षांची झाली होती. तिनं मला ओळखलं, पण ती पुढं आली नाही.

"तुज्या हाताला किडं हायेत का?" तिनं विचारलं.

हा प्रश्न लिहिताना मी तीनदा लेखणी खाली ठेवली. तिच्या तोंडात तो कुणी घातला, ते मला माहीत आहे. मी त्या बाईंशी बोलते, सणावाराला जाते. पण या प्रश्नाचा हिशेब प्रभूनं केल्याशिवाय राहू नये, असं मी त्याला आजही सांगते.

मी जमिनीवर बसले आणि दोन्ही हात पुढं केले. "ये, बघ."

ती आली. तळहात पाहिले, उलटे करून पाहिले, बोटांच्या मधे पाहिलं. मग एका बोटानं माझ्या वाकड्या करंगळीला हात लावला.

"दुखतंय?"

"नाही."

"मंग रडतीस कशाला?"

मी तिला घरी आणलं. ती माझ्या कुशीत झोपायला लागायला बरेच महिने गेले. सासूबाई आता माझ्या हातचं जेवतात. "चुकलं" असं कुणी म्हणालं नाही.

पुढचा बाक

त्यानंतर मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, "येत्या प्रभुभोजनाला मी पहिल्या बाकावर बसणार. पेला आधी मी घेणार. ज्याला माझ्यानंतर प्यायचं नसेल, त्यानं पिऊ नये. पण पेला एकच."

"पंचांना विचारावं लागंल, बाई."

"नका विचारू," मी म्हटलं. "एकदा तरी नका विचारू."

त्यांनी विचारलं नाही. हे मी लिहिते, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्या रविवारी त्यांनी पेला आधी माझ्याच हातात दिला. मी पेल्याला तोंड लावलं. प्रार्थनेच्या घरात पाय घासल्याचा आवाज झाला. दोन-तीन कुटुंबं उठून गेली. पेला माझ्या हातात राहिला, शेजारची बाई तो घेईना.

मग मागून चपलांचा आवाज आला. शमुवेल बाप्यांच्या बाजूनं उठून, बायांच्या बाकाशी आला. बोलणारा नव्हेच तो. त्यानं पेला माझ्या हातातून घेतला, प्यायला, आणि शेजारच्या बाईपुढं धरला. तिनं घेतला. पेला पुढं गेला. शेवटी उरलेला द्राक्षरस पाळकसाहेब प्यायले.

मी सगळ्यांना क्षमा केली का? शमुवेलला केली. पाळकसाहेबांना बरीचशी केली. बाकीच्यांची रोज थोडी थोडी करते आणि काही दिवस परत घेते. ज्याला हे एका रात्रीत जमतं त्यानं मला येऊन सांगावं, मी शिकेन.

सोनाबाईचा रोगही थांबला. डॉक्टरांनी तिच्या लेकांना बोलावून सांगितलं. तरी ती अजून शेतातल्या खोपटातच आहे. मी महाळुंग्याला जाते तेव्हा तिचे लेक मला लांबून रामराम घालतात, आणि मी त्यांना लांबूनच जे सुनवायचं ते सुनवते. अशा गोष्टींचा शेवट गोड करायची लोकांना सवय असते. ही गोष्ट घडली तशी लिहिली.

मला शाळेत परत घेतलं. पण गुरुवारी मी रजा टाकून नारायणगावला जाते, बाकावर नव्या माणसांशेजारी बसायला. मागच्या गुरुवारी जुन्नरचे एक शिंपी आले होते. वयस्कर, पांढरी दाढी, अंगठ्याला सुईची टोकं टोचून भोकं पडलेली. ती त्यांना कळली नव्हती. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितल्यावर ते येऊन माझ्याशेजारी बसले. मी मधे जागा सोडली नाही.

ते अंगठा उलटसुलट करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमी बरं झालात म्हनं. येक इचारू का? म्या पाची वखत नमाज सोडली न्हाई कदी. आता लई राग येतोय. वरच्यावर. आसं चालतं का?"

"चाचा, चालतं की नाही ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "मी रागावले. सगळे उठून गेले, तो उठून गेला नाही."

त्यांनी मान हलवली. मग ओढ्याकडं तोंड फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत बोलू लागले. आवाज चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. मी ऐकलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. मी फक्त बसून राहिले.